कुंपणाला शेत किती खाऊ द्यायचं?

एक एकर रान अगदी चौकोनी असलं तर त्याची एक बाजू साधारण 209 फूट भरते आणि चारही बाजू मिळून 835 फूट. दहा एकरांच्या चौकोनाची बाजू 660 फूट, चारही मिळून 2640. म्हणजे एकरामागे फक्त 264 फूट. आता तोच एक एकर भावाभावांच्या वाटण्यांत पट्टी होऊन उरला, 66 फूट रुंद आणि 660 फूट लांब, तर कडेकडेने 1452 फूट चालावं लागतं. सातबाऱ्यावरचा आकडा तोच, पण कुंपण पावणेदोन पट. तारेच्या कुंपणाचा खर्च लहान शेतकऱ्याला जास्त का टोचतो, त्याचं उत्तर या हिशेबात आहे. पुणे जिल्ह्यात अशा पट्ट्या गावोगाव दिसतात. सिमेंटचे खांब आणि काटेरी तार लावायची म्हटली की एका हंगामाचं उत्पन्न बांधावरच संपतं, म्हणून मग झाडांचं कुंपण करायचा विचार पुढे येतो.

झाडं स्वस्त असली तरी फुकट नसतात. वरच्या पट्टीला तीन फूट रुंदीचं कुंपण घातलं तर 4 गुंठे जमीन त्याखाली जाते, म्हणजे एकराचा दहावा हिस्सा. चौकोनी एकरात हाच आकडा सव्वादोन-अडीच गुंठ्यांवर राहतो. मुळं आणि सावली आणखी किती आत येतात ते वेगळंच. कुंपणच शेत खातं ही म्हण आपण लाचखाऊ माणसांसाठी वापरतो, सजीव कुंपणात मात्र ती अक्षरशः खरी आहे. त्यामुळे कोणतं झाड लावू, या प्रश्नाआधी कोणत्या बाजूला किती जागा देऊ, हे विचारावं. माझं मत सरळ आहे: चारही बाजूंना एकच झाड लावणं ही सजीव कुंपणातली सगळ्यात महागडी चूक. रोपवाटिकेत एकाच जातीची चारशे रोपं घेतली की भाव कमी मिळतो, म्हणून ती होते.

अडवायचं कोणाला?

शेळ्या-मेंढ्यांना अडवायचे दोन मार्ग आहेत. एक काट्यांचा: करवंद, सागरगोटा, चिल्हार, बोर, विलायती चिंच, बोगनवेल. दुसरा, जनावर तोंड लावत नाही अशा पाल्याचा: निरगुडी, अडुळसा, शेर, मोगली एरंड. बिनकाट्याची निरगुडी कुंपण म्हणून कशी चालते, असं शहरातून आलेल्याला वाटतं. शेळी एकदा हुंगते आणि पुढे जाते, तेवढं पुरतं. शेराचा पांढरा चीक डोळ्यात गेला तर फार त्रास होतो, मोगली एरंडाच्या बिया विषारी असतात. घराला लागून असलेल्या कडेला, जिथे मुलं खेळतात, तिथे ही दोन्ही नकोत.

रानडुकराचं प्रकरण वेगळं आहे. मावळ, मुळशी, भोर या बाजूला भुईमूग, रताळी, मका यांच्यावर रात्री धाड पडते. डुक्कर सहसा उडी मारत नाही. ते मुस्कट जमिनीलगत खुपसून वाट काढतं आणि त्याच्या जाड कातड्याला काट्यांचं फारसं काही वाटत नाही. त्याच्यापुढे पाच फूट उंच पण बुंध्याशी मोकळं कुंपण असून नसल्यासारखं. पहिला दीड फूट गच्च हवा, बाहेरून चर हवा, जमलं तर चराच्या आतल्या काठाला घायपाताची ओळ. एवढं करूनही खात्री देता येत नाही, त्रास कमी होतो इतकंच. माकडं आणि मोर यांच्यापुढे तर कोणतंच झाड चालत नाही, तो विषय इथेच सोडू.

जुन्नर, आंबेगाव, खेड, शिरूर या बिबट्याच्या पट्ट्यात उलटी काळजी घ्यावी लागते. तिथे उसाच्या आडोशाने बिबटे राहतात, आणि घर-गोठ्याला खेटून वाढलेलं दाट, उंच कुंपण म्हणजे त्यांना आणखी एक आडोसा. वस्तीजवळची कड कंबरेच्या उंचीवर ठेवावी आणि पलीकडचं दिसेल इतपत विरळ.

सौरऊर्जेवरचं झटका मशीन लावलेलं असेल तर पालवी तारेला लागू देऊ नये. ओली पानं टेकली की करंट जमिनीत उतरतो आणि झटका मंदावतो. (मेन लाइनचा करंट थेट तारेत सोडणं हा गुन्हा आहे, आणि त्याने माणसं मरतात.)

फांदीला मुळं कशी फुटतात

सजीव कुंपणाची खरी गंमत फांदी लावून येणाऱ्या झाडांत आहे. गिरिपुष्प, पांगारा, शेवगा, शेर यांची फांदी तोडून जमिनीत रोवली की तिचं झाड होतं. मेक्सिको आणि मध्य अमेरिकेत, जिथून गिरिपुष्प आलं, अशा फांद्यांचेच खांब करून त्यांना तार बांधायची जुनी पद्धत आहे. लाकडी खांबाला वाळवी लागते, तो बुडाशी कुजतो. जिवंत खांब वर्षागणिक जाड होत जातो.

हे घडतं कसं? झाडाच्या शेंड्यात आणि कोवळ्या पानांत ऑक्सिन नावाचं संप्रेरक तयार होतं आणि ते खोडातून खालच्या दिशेने उतरत राहतं. फांदी तोडली की खाली जायची वाट बंद होते आणि ते कापलेल्या टोकाशी साठतं. सालीच्या आत लाकडाला लागून पेशींचा एक पातळ, ओलसर थर असतो. साठलेल्या ऑक्सिनमुळे त्या थरातल्या आणि आसपासच्या पेशी वाढू लागतात, जखमेवर गाठ धरते आणि तिथून मुळं निघतात. मुळं निघेपर्यंत फांदीला बाहेरून अन्न मिळत नाही, लाकडात साठलेला स्टार्च हीच तिची शिदोरी. म्हणून करंगळीएवढी हिरवी काडी सुकते आणि मनगटाएवढी जून, करड्या सालीची फांदी जगते.

यातून कामाच्या बऱ्याच गोष्टी निघतात. फांदी उलटी लावायची नाही, कारण ऑक्सिन झाडावर असताना ज्या दिशेने उतरत होतं त्याच दिशेने उतरतं. पाच-सहा फूट लांबीची फांदी घ्यावी आणि वरचं टोक तिरकं कापावं, पाणी साचून कूज शिरत नाही. कोयता धारदार हवा. बोथट कोयत्याने साल चिंबते आणि नेमका तो पातळ थरच मरतो. सगळ्यात जास्त नासाडी होते ती फांदी रोवताना. हातात दगड घेऊन ती खुंटीसारखी ठोकली की खालची साल सोलवटून वर गोळा होते. वरून काही दिसत नाही, पंधरा दिवसांत पालवीही फुटते, आणि मग एकाएकी सगळी वाळते, कारण ती पालवी साठवणीच्या अन्नावर आलेली होती, मुळं आलीच नव्हती. आधी पहारीने दीड-दोन फुटांचं भोक पाडावं, फांदी अलगद सोडावी, भोवती माती भरून टाचेने दाबावी. आत पोकळी राहिली तर मुळं हवेत लोंबकळतात.

मृगाच्या तोंडावर हे काम करावं. फार आधी लावलं तर फांदी मे महिन्याच्या उन्हात सुकते, फार उशिरा लावलं तर पाऊस संपायच्या आत मुळं खोल जात नाहीत. लोणावळ्याकडे वर्षाला 4000 मिलिमीटरच्या वर पाऊस पडतो, पुणे शहरात 700च्या आसपास, बारामती-इंदापुरात जेमतेम 500. मावळात जी फांदी नुसती टोचून येते तिला इंदापुरात पहिला उन्हाळा हाताने पाणी घालून काढावा लागतो. शेराची फांदी मात्र तोडल्यावर तीन-चार दिवस सावलीत ठेवून चीक वाळू द्यावा आणि मगच लावावी, नाहीतर ती ओल्या मातीत सडते.

बियांची झाडं अधिक चिवट निघतात, कारण त्यांचं सोटमूळ सरळ खाली जातं. करवंदाचं बी फार दिवस टिकत नाही. उन्हाळ्याच्या शेवटी पिकलेली करवंदं आणायची, खायची, आणि त्याच आठवड्यात बी धुऊन पेरायचं. सागरगोट्याचं याच्या बरोबर उलट: बी वर्षानुवर्षं टिकतं, पण त्याच्या राखाडी कवचातून पाणी आत जात नाही, म्हणून ते दगडावर घासून एका जागी कवच पातळ करावं आणि रात्रभर भिजत घालावं. गजगा फरशीवर घासून शेजारच्या पोराच्या हाताला चटका द्यायचा खेळ ज्यांनी केलाय त्यांना हे काम शिकवावं लागणार नाही.

शेंडा मारा

पुण्याभोवतीच्या फार्महाऊस प्लॉटवर हमखास दिसणारं दृश्य: सुरू किंवा सिल्व्हर ओकची सरळ रांग, झाडं वीस फूट उंच, आणि खाली दोन खोडांमधून म्हैस आरामात जाईल एवढी फट. मालकाने झाडं लावली, पाणी घातलं, वाढताना बघून समाधान मानलं आणि कापायचं राहून गेलं.

इथे पुन्हा ऑक्सिनच येतं. शेंड्यातून उतरताना ते बाजूच्या डोळ्यांना फुटू देत नाही, म्हणून एकटं सोडलेलं झाड आधी उंच होतं. शेंडा मारला की वरून येणारं ऑक्सिन थांबतं आणि कापल्या जागेखालचे दोन-तीन डोळे एकदम फुटतात. त्यांचे शेंडे पुन्हा मारले की आणखी फुटतात. रोप दीड फूट झालं की गुडघ्याखाली शेंडा मारायचा. वर्षभर जपलेलं रोप अर्ध्यावर कापताना जीवावर येतं खरं. पण पहिली फांदी जिथून फुटेल त्याच्या खालचं कुंपण कायम उघडं राहणार आहे, म्हणून ती जमिनीपासून वीतभर उंचीवर फुटायला हवी. दुसरी कापणी फुटवे फूटभर वाढल्यावर. तीन पावसाळे असंच करत हळूहळू उंची वाढवायची.

कापायचा आकारही ठरलेला आहे: तळाशी रुंद, वर निमुळता. बहुतेक जण कात्री हाताला येते तिथेच चालवतात, त्यामुळे वरचा भाग पसरतो आणि खालच्या पानांवर त्याची सावली पडते. सावलीत गेलेली फांदी झाड स्वतःच सोडून देतं. दोन वर्षांत बुंधा उघडा, आणि डुकराला काय हवं असतं ते आपण वर पाहिलंच.

कापलेला पाला वाया जात नाही, किंबहुना जागेचं भाडं तोच फेडतो. गिरिपुष्पाच्या मुळांवर हवेतला नत्र धरणाऱ्या जिवाणूंच्या गाठी असतात, त्यामुळे पाल्यात नत्र भरपूर. फुलं यायच्या आत कापून सरीत टाकला की तो पटकन कुजतो. शेळ्या ताजा पाला वासामुळे नाकारतात, रात्रभर सुकवलेला खातात. शेवरी, हादगा, सुबाभूळ यांचा चारा त्यांना जास्त आवडतो. उरुळी कांचनच्या बायफ या संस्थेने सुबाभळीचा प्रसार केला तो चाऱ्याच्या याच गरजेपोटी. पण सुबाभळीत मिमोसिन नावाचं घातक द्रव्य असतं, म्हणून ती इतर चाऱ्यात मिसळूनच घालावी. आणि शेंगा पिकू दिल्या तर तिची रोपं सगळ्या शेतात उगवतात, तेव्हा कापणी तिथेही वेळेवर.

चार बाजूंचा हिशेब

पुणे साडेअठरा अक्षांशावर आहे. मेच्या मध्यापासून जुलैअखेरपर्यंत दुपारचा सूर्य डोक्याच्या किंचित उत्तरेला असतो, उरलेलं सगळं वर्ष दक्षिणेला. डिसेंबरात भर दुपारीही तो क्षितिजापासून 48 अंशांवरच चढतो, म्हणजे वीस फूट झाडाची सावली अठरा फूट उत्तरेकडे पडते. दक्षिण बांधावर उंच झाडं लावली तर चौकोनी एकरातले साडेतीन गुंठे ऐन रब्बीत सावलीत जातात. हरभरा, गहू, कांदा, कोणालाच ते मानवत नाही. उत्तर बांधावर लावली तर तीच सावली शेजाऱ्याच्या रानात. “अहो तात्या, तुमच्या झाडांनी माझ्या दोन सऱ्या बसवल्या” हे वाक्य मग ठरलेलंच, आणि तात्यांनी रागावू नये, शेजारी खरं बोलतोय.

दक्षिणेला म्हणून बुटकं करवंद किंवा कोयनेल, चार फुटांच्या वर जाऊ न देता. करवंदाची दोन ओळींत, नागमोडी, दीड-दीड फुटावर लागण केली तर चौथ्या-पाचव्या वर्षी मांजरही सहज शिरत नाही. उत्तरेला रस्ता किंवा ओढा असेल तर तिथे बांबू घ्यावा. शेजाऱ्याचं रान असेल तर त्याच्याशी आधी बोलून शेवगा किंवा सीताफळ, फळाच्या वाट्यासह.

पश्चिम आणि नैऋत्य बाजू वाऱ्याची. पावसाळी वारं आपल्याकडे याच दिशेने येतं. इथे उंच झाडं शोभतात, पण ती भिंतीसारखी गच्च नकोत. गच्च भिंतीवर आपटलेला वारा वरून उसळून पलीकडे भोवरे घेत खाली येतो आणि पीक झोपवतो. निम्मा वारा गाळून सोडणारा पडदा जास्त चांगला, त्याचा आडोसा झाडाच्या उंचीच्या दहापट अंतरापर्यंत मिळतो. पंधरा फूट शेवरी असेल तर दीडशे फूट. केळीच्या बागेभोवती शेवरी लावतात ती याचसाठी, मोठी पानं वाऱ्याने फाटू नयेत म्हणून.

मुळांचा उपाय सोपा पण कष्टाचा आहे. कुंपण आणि पीक यांच्यामध्ये दोन फूट खोल चर काढायचा. अन्न शोधत पसरणारी बहुतेक मुळं वरच्या थरात असतात, ती तिथे तुटतात. दर दोन वर्षांनी चर पुन्हा उकरावा लागतो. निलगिरीला लहान शेताच्या बांधावर मी जागा देणार नाही. वेडी बाभूळ आणि घाणेरी यांनाही नाही: दोन्ही कुंपण म्हणून येतात आणि माळ ताब्यात घेतात.

एके काळी निवडुंगाने हेच केलं होतं. तोही अमेरिकेतून आलेला आणि बांधाबांधावर लावलेला. नाना पेठेतल्या विठोबाची मूर्ती निवडुंगाच्या बेटात सापडली असं सांगतात, म्हणून तो निवडुंग्या विठोबा. पुण्याभोवती ही बेटं किती असतील याची त्यावरून कल्पना करावी. गंमत अशी की 1795 मध्ये ब्राझीलहून लाल रंगासाठी कोचिनील किडा हिंदुस्थानात आणला, तो निघाला भलत्याच जातीचा. रंग मनासारखा मिळाला नाही, पण त्या किड्याने एका जातीचा निवडुंग मात्र साफ केला.

इंग्रजांनी मिठाचा कर चुकवणाऱ्यांना अडवायला पंजाबपासून ओडिशापर्यंत जकातीची रेषा आखली आणि तिच्यावर शेकडो मैल काटेरी कुंपण वाढवलं. पुढे काँग्रेसच्या स्थापनेत पुढाकार घेणारे ॲलन ह्यूम 1867 ते 1870 या काळात त्या खात्याचे प्रमुख होते. सरकारी पैसा आणि हजारो माणसं हाताशी असूनही एकच झाड सगळीकडे चाललं नाही. जमीन बदलेल तशी बाभूळ, बोर, करवंद, निवडुंग अशी अदलाबदल करावी लागली. 1879 मध्ये ती रेषा बंद झाली.

कागदाचं काम

झाड लावण्याआधी मोजणी. तार हलवता येते, दहा वर्षांची करवंदाची ओळ हलवता येत नाही. तालुक्याच्या भूमी अभिलेख कार्यालयात अर्ज करून हद्द कायम करून घ्यावी आणि आपल्या बाजूला दोन-तीन फूट आत लागण करावी, म्हणजे बाहेरची बाजू छाटायला शेजाऱ्याच्या पिकात उभं राहावं लागत नाही. पाणंद किंवा वहिवाटीचा रस्ता कुंपणात घेतला तर मामलेदार न्यायालय अधिनियम, 1906 खाली तहसीलदार अडथळा काढायचा आदेश देऊ शकतात.

झाड निवडताना 1964 च्या महाराष्ट्र वृक्षतोड अधिनियमाची यादीही पाहावी. खैर, साग, आंबा, जांभूळ, चिंच ही झाडं तिच्यात आहेत. स्वतःच्या बांधावरची असली तरी तोडायला परवानगी लागते. खैर काटेरी, चिवट, कुंपणाला उत्तम, पण हे डोक्यात ठेवून लावावा. बांबूचं ओझं 2017 मध्ये उतरलं: वनक्षेत्राबाहेरचा बांबू तेव्हापासून वन कायद्याने झाड धरला जात नाही.

पहिली दोन वर्षं

नवं कुंपण स्वतःचंही रक्षण करू शकत नाही. करवंदाचे काटे कोवळे असताना शेळी ते मजेत खाते. म्हणून बाहेरून बाभळीच्या वाळल्या शिऱ्यांची कुपाटी घालावी लागते, आणि ती कुजेपर्यंत आतली झाडं उभी राहायला हवीत. मेंढरं बसवायची असतील तर कळप आत येईल एवढं फाटक सोडावं; वाट नंतर कुंपण तोडून करायची म्हणजे दुप्पट काम.

मग फटी पडतात, त्या पडणारच. मेलेल्या रोपाच्या जागी दुसऱ्या वर्षी त्याच जातीचं रोप लावलं तर दोन्हीकडच्या मोठ्या झाडांच्या सावलीत ते बहुधा खुरटतं. शेजारच्या झाडाची खालची लवचिक फांदी फटीत आडवी वाकवावी, मधल्या पेऱ्याची साल थोडी खरवडून ते मातीत दाबावं, वर दगड ठेवावा. पावसाळ्यात तिथे मुळं धरतात आणि जुन्या झाडाचं अन्न मिळत असल्याने नवं झाड मागे पडत नाही. फट मोठी असेल तर दोन्हीकडच्या फांद्या बांबूच्या कामट्यांना सुतळीने बांधून एकमेकींत गुंतवाव्यात. सुतळीच घ्या, तारेने किंवा नायलॉनने बांधलं तर ती कुजत नाही आणि फांदी जाड होताना तिचाच फास बसतो. हे काम छाटणीनंतर लगेच करावं, तेव्हा फटी दिसतात आणि आत हात घालता येतो.